सैल गाठ

केसांचे टोप विणणाऱ्या माणसाच्या डोक्यावर केस नसावेत आणि त्याच्या लेकीनं स्वतःचे केस उपटावेत, याला नशीब म्हणायचं की थट्टा, हे ठरवायला भिंगरीच्या बाबाला फुरसत नव्हती. पहिल्या गोष्टीवर सगळी गल्ली वर्षानुवर्षं हसत आली होती. "दिव्याखाली अंधार!" समोरचा सायकलवाला दुकान उघडताना ओरडायचा. "जगाला झुलपं आणि स्वतःला गोटा!" बाबाही हसून हात हलवायचा. टक्कल त्याला तिशीच्या आधीच पडलं होतं आणि तेवढ्यासाठी रडत बसणाऱ्यांतला तो नव्हता. दुसऱ्या गोष्टीवर मात्र कुणी हसत नव्हतं. भिंगरीला कडेवर घेऊन बाबा निघाला, की सायकलवालासुद्धा मान खाली घालून चाकातल्या तारा चाचपायला लागायचा.

भिंगरी अडीच वर्षांची. दाखल्यावरचं नाव दुसरंच होतं, पण एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून घरीदारी भिंगरीच झालं. दिवसभर पोरगी गुणाची. रडणं नाही, हट्ट नाही, समोर येईल ते खाणार, पडली तर आधी जमिनीला मारणार आणि मग उठणार. खरा घोर संध्याकाळी सुरू व्हायचा. दूध झालं, तोंड पुसलं, दिवा बारीक केला, पांघरूण ओढलं, की तिचा उजवा हात हळूच उजव्या कानाच्या वर जायचा. दोन बोटांत एक केस धरायचा. एकच. तो जरा पिळायचा, आणि टक्.

तो आवाज दुसऱ्या कुणाला ऐकू आला नसता. बाबाला यायचा. दिवसभर एकेक केस हाताळणाऱ्याचे कान त्या बाबतीत तिखट असतात. उपटलेला केस ती ओठांवरून फिरवायची, डोळे अर्धे मिटायची, मग हात लांब करून तो गादीच्या डाव्या काठाशी ठेवायची आणि पुढचा शोधायला लागायची. झोप लागेपर्यंत हे चालायचं. सकाळी त्या काठाशी केसांचा एवढासा पुंजका असायचा, व्यवस्थित, सगळे एका दिशेनं. कानावरचा चट्टा आधी बटणाएवढा होता. आता बाबाचा तळवा त्यावर ठेवला तर जेमतेम झाकला जायचा.

भिंगरीची आई इस्पितळात रक्त तपासायच्या खोलीत दुसऱ्या पाळीला होती. ती घरी यायची तोवर पोर झोपलेली असायची. म्हणजे सकाळ आईच्या वाटणीची आणि संध्याकाळ बाबाच्या. त्यामुळे हा चट्टाही आपल्याच वाटणीचा आहे, असं बाबाच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. बायको तसं कधी म्हणाली नाही. पण सकाळी वेणी घालायला पोरीला पुढ्यात घ्यायची आणि कंगवा हातात धरून नुसतीच बसायची, तेव्हा म्हणायचं काही बाकी राहत नव्हतं.

सासूबाई दोन गल्ल्या सोडून राहायच्या, दुपारभर भिंगरीला सांभाळायच्या आणि सल्ल्यांची त्यांच्याकडे कधी टंचाई नसे. "जावईबापू, बोटांना कडू औषध लावा." लावलं. भिंगरीनं बोटं चाटून पाहिली, तोंड वेडंवाकडं केलं आणि केस उपटला. बोटं तोंडात जातच नव्हती, तर कडू लागून उपयोग काय! "मग हातात मोजे घाला." घातले. रडून रडून पोर निळी झाली. "मग डोक्याला तेल थापा, केस बोटांत धरवणारच नाही." थापलं. उशी, गादी, बाबाचा सदरा, सगळं तेलकट झालं. पहिल्या रात्री केस बोटांतून निसटत राहिला, दुसऱ्या रात्री तिनं दुलईला बोटं पुसायची युक्ती शोधली. सासूबाईंनी शेवटी हात टेकले. "जित्याची खोड," त्या म्हणू लागल्या, आणि पुढची म्हण ओठांवर येताच स्वतःच दचकून गप्प झाल्या. मग बराच वेळ नातीच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या.

मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी चट्टा पाहिला, नखं पाहिली, पोट दाबून पाहिलं. "केस खाते का?"

"नाही. ओठाला लावते आणि बाजूला ठेवते."

"खायला लागली तर लगेच घेऊन या. कधीपासून आहे?"

"तीन-चार महिने."

"त्याआधी घरात काही बदललं होतं?"

"काहीच नाही," बाबा म्हणाला. मग जरा छाती पुढे काढून म्हणाला, "उलट तेव्हापासून मी घरी काम आणणं बंद केलंय. सगळी संध्याकाळ तिलाच देतो."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. बाहेर बाकावर सात-आठ पोरं खोकत होती. "ओरडू नका, हात बांधू नका. ही सवय काढून घेता येत नाही, तिच्या जागी दुसरी द्यावी लागते. हाताला दुसरं काहीतरी द्या."

सांगणं सोपं होतं. बाबानं दुसरं काहीतरी द्यायचा सपाटा लावला. कापडाची बाहुली दिली, मखमलीचा तुकडा दिला, लोकरीचा गोंडा दिला, रंगाच्या ब्रशाचं मऊ टोक दिलं. भिंगरी प्रत्येक वस्तू आदरानं हातात घ्यायची, डाव्या हातात नीट सांभाळायची आणि उजव्या हातानं आपलं काम करायची.

बाबाचं काम मास्तरांच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे जिन्याखालचा एक लांबट हॉल. खिडकीशी लाकडी डोकी ओळीनं मांडलेली, प्रत्येक डोक्यावर बारीक जाळी ताणून बसवलेली. बाजूला काट्यांच्या दोन फळ्या, त्यांच्यामध्ये केसांची जुडी दाबून ठेवलेली, म्हणजे ओढला की एकेकच केस बाहेर येतो. तो ओढायचा, क्षणभर ओठांत धरायचा, ओलसर झाला की दुमडायचा, जाळीच्या घरातून आकडी घालून खेचायचा आणि गाठ मारायची. दुहेरी गाठ. एका टोपाला अशा गाठी किती, हे कुणी मोजत नाही; मोजणारा वेडा होईल. पण मास्तर पूर्ण झालेल्या टोपातून कंगवा फिरवायचे आणि कंगवा दिव्याकडे धरायचे. त्यात एक जरी केस दिसला, की तो टोप परत. "डोक्याचे केस गळतात, ती देवाची गाठ," मास्तर म्हणायचे. "आपली सुटता कामा नये."

तर अशा माणसाला उशीची कल्पना सुचली यात नवल नाही. पोरीला केस हवाय ना? मग केसच देऊ! मास्तरांना विचारून त्यानं छाटणीतले आखूड, टाकाऊ केस घेतले, भिंगरीच्या केसांसारखे मऊ तेवढे वेचले, हाताएवढी उशी शिवली, तिच्या एका अंगाला जाळी लावली आणि दुपारच्या सुट्टीत बसून त्यावर झकास केस विणून काढले. बरोबरचे कारागीर म्हणाले, अरे, उशीला टोप कशाला? तो म्हणाला, बघालच.

संध्याकाळी भिंगरीनं उशीवरचा केस दोन बोटांत धरला. तिनं पिळला. ओढला. पुन्हा ओढला. दोन्ही हातांनी ओढला. उशीच उचलली गेली, केस काही निघाला नाही. निघेल कसा? आयुष्यभर ज्याची गाठ सुटली नाही, त्या माणसाची गाठ ती! भिंगरीनं उशीकडे असं पाहिलं, जसं माणूस कुलूप लागलेल्या दुकानाकडे बघतो, आणि हात कानावर नेला. टक्.

"सैल मारा की गाठ," बायको सकाळी म्हणाली. "निघाला पाहिजे केस. तिला ते निघणंच हवंय."

"सैल?"

"सैल. ढिली. वाईट. येते का?"

येत नव्हती. बाबा स्टुलावर बसून वाईट गाठ मारायला शिकू लागला आणि बोटं ऐकेनात. मन म्हणायचं एकच वेढा, बोटं सवयीनं दुसरा घालून मोकळी. बायको स्वयंपाकघरात येता येता दारात थांबून हसत सुटली. "जन्मात पहिल्यांदा वाईट काम करायला बसलात, तेही जमत नाही तुम्हाला!" कितीतरी दिवसांनी ती तशी हसली होती. त्या हसण्याखातर तरी शिकायलाच हवं होतं.

शेवटी जमलं. आकडी अर्ध्यातच वळवायची, दुसरा वेढा घ्यायचाच नाही आणि बोट हलकं सोडायचं. केस जाळीत बसल्यासारखा दिसायचा, पण ओढला की टक्. तोच आवाज, तोच. भिंगरीनं पहिला केस ओढला आणि तिच्या तोंडावर समाधान पसरलं. ओठाला लावला, डाव्या काठाशी ठेवला, दुसरा ओढला. उजवा हात कानाकडे एकदाही गेला नाही. त्या रात्री बाबा उभ्याउभ्याच जेवला, कारण बसवत नव्हतं इतका आनंद झाला होता.

मग ते घरचं चक्रच झालं. रात्री भिंगरी उशी भादरायची, दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत बाबा ती पुन्हा विणायचा. आधी डबा घाईघाईनं, मग गाठी. हळूहळू सैल गाठ इतकी सोपी झाली, की बघावंही लागत नव्हतं. आणि कानावरच्या चट्ट्यात लव उगवली! सासूबाईंनी चष्मा लावून खात्री केली. सायकलवाल्यानं भिंगरीला दुकानात नेऊन घंटी वाजवू दिली. बायको पोरीच्या लवेवरून अंगठा फिरवायची आणि म्हणायची, "आता माझ्या लेकीच्या केसालाही धक्का लागू देणार नाही मी." सुखाचे दिवस होते. ते फार नसतात, हे कळायला माणसाला ते संपावे लागतात.

एके दिवशी एक बाई डोक्याला रुमाल बांधून कारखान्यात आल्या. हातात कारखान्याचाच खोका. बाबानं त्यांना ओळखलं. शाळेत शिकवायच्या, मोठ्या आजारातून उठल्या होत्या, औषधांनी केस गेले होते. त्यांचं माप बाबानंच घेतलं होतं आणि समोरचा भांग, जो सगळ्यात अवघड, तो त्यानंच विणला होता. टोप घालून आरशात बघताना त्या म्हणाल्या होत्या, "अगं बाई, ही तर मीच."

मास्तरांनी खोका उघडला, टोप लाकडी डोक्यावर चढवला, भांगातून कंगवा फिरवला आणि दिव्याकडे धरला. कंगवा काळा झाला होता.

"फळ्यावर लिहीत होते," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मागे पोरी कुजबुजायला लागल्या. खांद्याकडे बघितलं तर केस. झटकले तर आणखी. तशीच घरी आले." त्यांनी रुमालाची गाठ चाचपली. "एकदा गळताना बघितले होते. ते औषधानं होतं, मनाची तयारी होती. पुन्हा बघावे लागतील असं वाटलं नव्हतं हो."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. बाबाला जिन्याखालच्या त्या हॉलमध्ये कुठे बघावं ते कळेना. सगळीकडे डोकीच होती.

बाई गेल्यावर मास्तरांनी त्याला खिडकीशी बोलावलं. "भांगाची ओळ तुझी. इतकी वर्षं तुझ्या कामातून मी कंगवा फिरवायचंसुद्धा सोडून दिलं होतं. काय झालं?"

बाबानं सगळं सांगितलं. उशी, टक् असा आवाज, लव. सांगता सांगता त्यालाच ते खुळ्यासारखं वाटायला लागलं. मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"पोरीचं मला समजतं रे," ते म्हणाले. "माझीही नातवंडं आहेत. पण बोटांना दोन गाठी येत नाहीत. त्यांना एकच येते, रोज केलेली. तू ठरवून सैल मारत गेलास आणि बोटांनी ती धरून ठेवली. आता त्या बाईंना मी काय सांगू?"

"मी पुन्हा विणून देतो. रात्रभर बसतो."

"तू नाही." मास्तरांनी हात पुढे केला. बाबानं आकडी त्यांच्या तळव्यावर ठेवली. लाकडाची मूठ त्याच्याच बोटांनी गुळगुळीत झालेली. "हात जागेवर येईपर्यंत केस धुवायला आणि विंचरायला बस. आणि उशी बंद. इथला एक केस बाहेर जायचा नाही."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणाला बोल लावायचा? बाबा धुण्याच्या टाकीशी जाऊन बसला. त्या दिवसापासून रोज रुमाल बांधलेल्या बाई त्याच्या डोळ्यांपुढे यायच्या आणि त्यांच्या मागोमाग भिंगरी. दोघींच्या मध्ये तो, आणि एकीचं राखायचं तर दुसरीचं जाणार.

त्या संध्याकाळी उशी बोडकीच राहिली. भिंगरीनं जाळीवर बोटं फिरवली, उलटी करून पाहिली, हलवून पाहिली. बाबानं लोकर लावून दिली होती, ती तिनं एका हातानं बाजूला सारली. मग बराच वेळ नुसती पडून राहिली. बाबा मनात म्हणत होता, झोप, बाळा, झोप, आजच्या दिवस झोप. हात कानावर गेला. ती लव उपटायला कठीण होती, नखात सापडत नव्हती. म्हणून तिनं जरा वर, दाट केसांत, नवी जागा धरली.

आठवड्याभरात लवही गेली आणि वरची जागाही. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. बायको आता हसत नव्हती आणि रागावतही नव्हती. रविवारी ती घरी होती. दुपारी पोरीला झोपवताना बाबा खालीच सतरंजीवर पडला होता, बायको दारात उभी राहून बघत होती. बघता बघता ती म्हणाली, "अहो."

"हं."

"ही तुमच्यासारखं करते."

"काय माझ्यासारखं?"

"बघा ना. ओढते. ओठात धरते. मग दोन बोटांत घेऊन तिकडे." तिनं गादीच्या डाव्या काठाकडे बोट दाखवलं. "तिकडे तुमचं स्टूल असायचं."

बाबा उठून बसला.

असायचं खरं. नाटक मंडळींच्या मोठ्या कामाच्या वेळी तो लाकडी डोकं घरी आणायचा आणि पोरीच्या गादीशी, डाव्या अंगाला, स्टुलावर बसून विणायचा. भिंगरी पडल्यापडल्या टकामका बघायची. केस ओढला, ओठात धरला, जाळीत गेला. पुढचा. न थोपटता, न गाता पोर झोपून जायची, आणि बायको म्हणायची, काय नशीबवान बाप आहात. मग एकदा तिनं आकडी मुठीत धरलेली दिसली. डोळ्यापासून वीतभर अंतरावर. बाबानं ती हिसकावून घेतली. दुसऱ्या दिवसापासून घरी काम बंद, स्टूल स्वयंपाकघरात, आणि तो रिकाम्या हातांनी तिच्याजवळ पडून राहायला लागला. चांगला बाप! सगळी संध्याकाळ तिला दिली आणि तिची झोप मात्र काढून घेतली. डॉक्टरीणबाईंना हे त्यानं छाती पुढे काढून सांगितलं होतं.

"मला कळलं कसं नाही?" तो म्हणाला.

"मला तरी कुठे कळलं," बायको म्हणाली आणि तिथेच दारात खाली बसली.

सोमवारी तो मास्तरांपुढे उभा राहिला. म्हणाला, उशी नको, सैल गाठ नको, फक्त घरी बसून काम करायला द्या, नीट काम, पोरीसमोर. मास्तरांनी त्याची बोटं उलटसुलट करून पाहिली. मग फळीवरून एक जुनी जाळी काढली, एक लाकडी डोकं दिलं, त्याची आकडी परत दिली आणि काळ्या दोऱ्याचं रीळ दिलं. "केस नाही. हात बसला नाही अजून तुझा, परवा दोऱ्यावर पाहिला मी, निम्म्या गाठी सुटतात. आधी दोऱ्यावर कर. दुहेरी गाठ. सुटायची थांबली की मला दाखव."

बाबाला तेवढंही पुष्कळ होतं. त्या संध्याकाळी त्यानं स्टूल पुन्हा गादीच्या डाव्या अंगाला मांडलं. लाकडी डोकं मांडीत घेतलं. आकडीच्या टोकाला लावायचं बूच खिशात ठेवलं, पोरीचा हात पोचणार नाही इतकं अंतर राखलं. दूध झालं, तोंड पुसलं, दिवा बारीक केला.

भिंगरीनं स्टूल पाहिलं. लाकडी डोकं पाहिलं. तिचे डोळे असे उजळले, की बाबाला वाटलं, देवा, एवढंच होतं! एवढंच! तिनं स्वतःहून पांघरूण ओढलं, कुशीवर वळली आणि हात गालाखाली ठेवला. उजवा हात. गालाखाली.

बाबानं दोऱ्याचा तुकडा ओढला, ओठांत धरला, दुमडला, जाळीत घातला. गाठ मारली. ओढून पाहिली, सुटली. पुन्हा मारली. दुसरा वेढा घ्यायला बोटं तयारच नव्हती. तो जीव ओतून एकेक गाठ मारत राहिला आणि भिंगरी बघत राहिली. पण तिच्या कपाळाला हळूहळू आठी पडली. ती कोपरावर उठली, मान पुढे काढली.

"बाबा, केश?"

"केस नाहीत, बाळा. आज दोरा. बघ, दोरा."

"केश नाई?"

"नाहीत. तू झोप. मी करतो."

तिनं दोऱ्याकडे पाहिलं. बाबाच्या तोंडाकडे पाहिलं. त्या तोंडावर काय होतं कोण जाणे, पण तिला त्याची दया आली असावी. मोठ्या माणसाला काही हवं असावं आणि आपल्याजवळ ते असावं, तसा तिचा चेहरा झाला. उजवा हात गालाखालून निघाला, कानाच्या वर गेला. बाबा पुढे झुकायच्या आत टक् आवाज आला. तिनं तो केस ओठांत धरला, ओला केला आणि हात लांब करून त्याच्यासमोर धरला.

"घे."

रोज सकाळी गादीच्या डाव्या काठाशी, सगळे एका दिशेनं लावलेले ते पुंजके बाबाच्या डोळ्यांपुढून एकामागून एक गेले. आणि त्यांचं त्यानं काय केलं होतं? झाडून टाकलं होतं.

"घे ना, बाबा."

घेतला नाही तर ती रडणार, आणि रडली की तोच हात पुन्हा कानाकडे जाणार. घेतला तर काय होणार, ते त्याला दिसत होतं. त्यानं घेतला. बोटांत जेमतेम जाणवावा इतका बारीक केस, एका टोकाला पांढरा ठिपका. त्यानं तो दुमडला, जाळीच्या घरातून खेचला. बोटांनी एक वेढा घेतला आणि मग, न सांगता, दुसरा. त्यानं ओढून पाहिला. जाळी ताणली गेली, लाकडी डोकं मांडीवरून उचललं गेलं, केस निघाला नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याची गाठ बसली होती.

भिंगरी समाधानानं हसली.

"झाला," बाबा घाईघाईनं म्हणाला. "झाला टोप! बास. आता झोपायचं. झाला."

भिंगरीनं मान वाकडी करून लाकडी डोक्याकडे नीट पाहिलं. एवढं मोठं डोकं, त्यावर थोडा दोरा आणि एकच केस. पुरे झालेला टोप कसा दिसतो, हे तिला त्या घरात कुणी शिकवायची गरज नव्हती.

"नाई झाला," ती म्हणाली, आणि तिचा हात पुन्हा कानाकडे गेला.